एका ‘व’चा फरक

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, खाली कोपऱ्यात, चार-पाच ओळींची एक बातमी नेहमी असते. ‘अज्ञात इसमाने फिर्यादीच्या अल्पवयीन मुलीस कशाचे तरी आमिष दाखवून, फूस लावून पळवून नेले.’ गाव बदलतं, पोलीस ठाणं बदलतं, मुलीचं वय चौदाचं सतरा होतं. वाक्य तेच राहतं. इसम अज्ञात आहे, आमिष ‘कशाचे तरी’ आहे. म्हणजे हाती माहिती काहीच नाही, पण गोष्ट पूर्ण ठरलेली आहे. नेणारा कुणीतरी आहे, आणि नेली गेलेली एक मुलगी आहे.

हे वाक्य असं लिहिलं जातं, त्याला सबळ कारण आहे. २०१३ साली ‘बचपन बचाओ आंदोलन’ या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मूल हरवल्याची तक्रार आली की ते अपहरण किंवा तस्करी असू शकते असं धरून गुन्हा नोंदवायचा आणि तपास सुरू करायचा. ‘वाट बघा, येईल दोन दिवसांत’ असं सांगून आईबापांना ठाण्यातून परत पाठवायचं नाही. हरवलेल्या मुलाच्या शोधात पहिले काही तास लाखमोलाचे असतात. तेव्हा काहीच ठाऊक नसताना वाईटात वाईट गृहीत धरणं हे शहाणपणाचंच आहे. प्रश्न त्याच्यापुढचा आहे. मुलगी सापडते, बोलते, काय घडलं ते सांगते, आणि तरीही कागदावर ते पहिलं वाक्यच कायम राहतं. गृहीतक होतं ते निष्कर्ष होऊन बसतं.

मराठीत या घटनेसाठी दोन क्रियापदं आहेत. मुलगी पळून गेली, किंवा मुलीला पळवून नेलं. मधल्या एका ‘व’ने वाक्याचा कर्ताच बदलतो. गाव पहिलं क्रियापद वापरतं तेव्हा सगळा दोष मुलीच्या पदरात टाकतं आणि नेणाऱ्याला मोकळं सोडतं. कायदा दुसरं क्रियापद वापरतो तेव्हा नेणाऱ्याला पकडतो, पण मुलीला सामानासारखं बाजूला ठेवतो. मला वाटतं, या दोन्ही सवयी सोडायला हव्यात. प्रौढ माणसाने अल्पवयीन मुलीला घेऊन जाणं हा गुन्हा आहे आणि तो गुन्हाच राहिला पाहिजे. त्यात मुलीच्या होकाराची ढाल त्याला मिळता कामा नये. पण प्रत्येक प्रकरणात खरोखर कोणतं क्रियापद घडलं, हे कुणीतरी मनापासून विचारलं पाहिजे, आणि ते मुलीला विचारलं पाहिजे.

आधी कायदा काय म्हणतो ते सरळ सांगतो, कारण कॉलेजच्या कट्ट्यावर आणि चहाच्या टपरीवर याबद्दलचे गैरसमज फार पक्के आहेत.

पहिला समज म्हणजे, ‘ती स्वतःच्या मर्जीने आली होती.’ जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम ३६३ आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम १३७ यांनुसार अठराच्या आतल्या मुलीला पालकाच्या संमतीशिवाय घेऊन जाणं किंवा फूस लावणं हे अपहरण आहे. शिक्षा सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड. मुलीची संमती इथे मोजलीच जात नाही. जबरदस्ती किंवा फसवणूक झाली पाहिजे असंही नाही, नुसतं मन वळवणं पुरतं. जुन्या कायद्यात मुलग्यांसाठी ही मर्यादा सोळा वर्षांची होती; नव्या संहितेत ती दोघांसाठी अठरा झाली आहे. लग्नासाठी किंवा शरीरसंबंधांसाठी नेलं असेल तर कलम ८७ किंवा ९६ लागतं आणि शिक्षा दहा वर्षांपर्यंत जाते.

दुसरा समज, ‘आम्ही देवळात लग्न केलंय.’ लग्नाने गुन्हा धुतला जात नाही. बायको अठराच्या आतली असेल तर तिच्याशी ठेवलेला संबंध हा बलात्कारच, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१७ मध्ये दिला आणि नव्या संहितेने तो स्वीकारला. उलट त्या लग्नाने आणखी एक गुन्हा वाढतो. २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्यानुसार अठरा वर्षांवरच्या नवऱ्याला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. लग्न लावणारा भटजी, काझी आणि मांडवात जमवाजमव करणारे हेही त्यात येतात.

तिसरा समज, ‘मी फक्त गाडी दिली, खोली दिली.’ मदत करणारा मित्र, बहीण, भाडोत्री ड्रायव्हर यांना जाणूनबुजून केलेल्या साहाय्याबद्दल आरोपी करता येतं. चौथा समज, ‘तिने एकोणीस सांगितलं होतं.’ हा बचाव फार जुना आहे आणि तेवढाच लंगडा. इंग्लंडमध्ये १८७५ साली प्रिन्स नावाच्या आरोपीने हेच सांगितलं होतं. मुलगी तेराची होती आणि दिसायला मोठी वाटत होती. त्याचा समज प्रामाणिक होता हे मान्य करूनही न्यायालयाने त्याला दोषी धरलं. वयाची खात्री करण्याचं ओझं प्रौढावर आहे, हे तत्त्व तिथून आजवर चालत आलं आहे.

आणि या सगळ्यांच्या वर आहे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा २०१२ चा पॉक्सो कायदा. शरीरसंबंध झाला असेल तर किमान दहा वर्षं, मुलगी सोळाच्या आतली असेल तर किमान वीस. एकापेक्षा जास्त वेळा झाला असेल किंवा गर्भ राहिला असेल, तर गुन्हा ‘गंभीर’ ठरतो आणि किमान वीस वर्षं. या कायद्याला स्त्री-पुरुष भेद नाही. आरोपी बाई असली तरी कलमं तीच. न्यायाधीशाला वाटलं तरी या किमान शिक्षेखाली उतरता येत नाही.

हा कडकपणा कशासाठी हवा, हेही ठामपणे सांगायला हवं. पंधरा वर्षांची मुलगी आणि चौतिशीतला माणूस डोळ्यांपुढे आणा. तो क्लास घेणारा असेल, वडिलांचा मित्र असेल, मुकादम असेल. तो तिला मोबाइल घेऊन देतो, घरी कुणी ऐकत नाही ते ऐकून घेतो, ‘तू वयाच्या मानाने फार समजूतदार आहेस’ म्हणतो. सहा महिन्यांनी ती स्वतःच पिशवी भरून स्टँडवर येते. त्या दिवशी त्याने तिला हात धरून ओढलेलंही नसतं. ती चालत आली. पण तिची पावलं सहा महिने तोच घडवत होता.

सर्वोच्च न्यायालयाने ही गोष्ट फार पूर्वीच ओळखली होती, आणि तेही दोन निकालांत, जे शेजारी शेजारी ठेवूनच वाचायला हवेत. पहिला १९६४ चा, मद्रासच्या वरदराजन याचा. कॉलेजात शिकणारी मुलगी, अठरा पूर्ण व्हायला थोडेच दिवस राहिलेले. तिच्या प्रेमाची कुणकुण लागल्यावर वडिलांनी तिला नातेवाइकांकडे ठेवलं होतं. तिथून तिनेच फोन केला, ठरल्या जागी तीच जाऊन उभी राहिली, लग्नाची नोंद करायचा आग्रहही तिचाच. न्यायमूर्ती मुधोळकरांनी लिहिलेल्या निकालात म्हटलं की ‘नेणं’ आणि ‘सोबत येऊ देणं’ या वेगळ्या गोष्टी आहेत. आपण काय करतोय हे कळणारी मुलगी स्वतःहून घर सोडते आणि माणूस फक्त तिची इच्छा पुरी करतो, तेव्हा त्याने तिला ‘नेलं’ असं म्हणता येत नाही. तिच्या मनात तो बेत रुजवण्यात त्याचा काही हात होता हे दाखवावं लागेल. आरोपी सुटला.

दुसरा निकाल १९७३ चा, गुजरातमधल्या वडगामा नावाच्या उद्योजकाचा. मुलगी पंधराच्या आसपासची. त्याने तिला भेटवस्तू दिल्या, ओढ लावली. आईबापांनी हरकत घेतली तरी संबंध चालू ठेवला. अखेर एक दिवस ती आपल्या पायांनी त्याच्याकडे गेली. न्यायालयाने सांगितलं की त्या दिवशी त्याने बोलावलं की नाही हा प्रश्नच नाही. आमिषाचं बी आधी पेरलेलं असेल तर मुलगी स्वतः चालत आली तरी ती फूसच. त्याची शिक्षा कायम राहिली.

एका मुलीने फोन केला, दुसरी चालत गेली. वरवर पाहिलं तर दोघीही पळून गेल्या. पण न्यायालयाने त्या दिवसाच्या मागे जाऊन बेत कुणाच्या मनात आधी रुजला आणि कुणी रुजवला ते पाहिलं. कायद्यातला ‘व’ शोधायचा तो असा. आज तपासाच्या घाईत तो शोधलाच जात नाही, कारण पॉक्सो आल्यावर संबंध झाला का आणि वय किती, या दोन उत्तरांत प्रकरण संपतं.

आता तिसरं क्रियापद. ते या चर्चेत फारसं कुणी काढत नाही, पण माझ्या मते सगळ्या गुंत्याची गाठ तिथेच आहे. मुलीचं लग्न लावून देणं. गावाकडे मुलगी ‘उजवली’ म्हणतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रात वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी जवळजवळ २२ टक्के बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. पाचांत एक. मराठवाड्यात ऊसतोडीला जाणाऱ्या आईबापांना विचारलं, तर कारणं सांगतात त्यात एक हमखास असतं: ‘मागं एकटी ठेवली आन् कुणाचा हात धरून गेली तर?’ म्हणजे मुलगी पळून जाईल या धाकाने तिला लवकर उजवायचं, आणि उजवतील या धाकाने मुलीने पळून जायचं. एकाच विहिरीला दोन्ही बाजूंनी घातलेल्या या पायऱ्या आहेत.

कायदा या दोन वाटांकडे सारख्या नजरेने पाहत नाही. आईबापांनी लावून दिलेला बालविवाह हा आपणहून रद्द होत नाही. त्या मुलीनेच पुढे न्यायालयात जाऊन, सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांच्या आत, तो रद्द करून घ्यायचा. पण मुलीला पालकाच्या ताब्यातून काढून नेऊन केलेलं लग्न मात्र कायद्याने मुळातच शून्य आहे. वय तेच, मंगळसूत्र तेच, नवऱ्याचं वय कदाचित जास्तच. फरक फक्त कुणी दिलं आणि कुणी घेतलं याचा. अपहरणाचं कलमसुद्धा नीट वाचा. गुन्हा आहे तो ‘कायदेशीर पालकाच्या ताब्यातून, पालकाच्या संमतीशिवाय’ नेण्याचा. १८६० सालच्या या कलमाच्या मुळाशी मुलीच्या देहापेक्षा पालकाच्या ताब्याची काळजी आहे. ‘ताबा’ हा शब्दच जमिनीच्या सातबाऱ्यावरचा.

महाराष्ट्राला हे नवं नाही. रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी झालं. मोठ्या झाल्यावर त्यांनी नवऱ्याकडे नांदायला जायला नकार दिला, तेव्हा १८८७ साली मुंबईच्या उच्च न्यायालयाने त्यांना सांगितलं की सासरी जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. तुरुंग पत्करायची त्यांची तयारी होती. पुढच्या वर्षी तडजोड झाली, त्या विलायतेला जाऊन डॉक्टर झाल्या. त्या तडजोडीनंतर तीनच वर्षांनी संमतिवयाचा कायदा आला. कलकत्त्यात नवऱ्याच्या अत्याचाराने मेलेल्या दहा-अकरा वर्षांच्या फुलमणीचं प्रकरण त्याच्या मुळाशी होतं. दहाची मर्यादा बारा करायची, एवढीच गोष्ट. तेवढ्यावरून पुण्यात टिळक एका बाजूला आणि आगरकर दुसऱ्या बाजूला उभे राहिले. परकीय सरकारने आमच्या घरात हात घालावा का, हा टिळकांचा प्रश्न खोटा नव्हता. पण त्या घरात जी मुलगी होती, तिचं काय, हा आगरकरांचा प्रश्न त्याहून मोठा होता. बाराचं पुढे चौदा झालं, सोळा झालं, २०१२ मध्ये अठरा झालं. दर पायरीला आकडा वाढला. घर कुणाचं यावर भांडण चालू राहिलं आणि मुलगी गप्प राहिली.

म्हणून मला सतरा वर्षांच्या मुलीचा आणि एकोणीस वर्षांच्या मुलाचा प्रश्न वेगळा वाटतो. दोघं एकाच कॉलेजात, एकाच एसटीच्या पासवर. जात वेगळी असली की घर पेटतं आणि फिर्याद होते. मुलगा बालविवाह कायद्याच्या व्याख्येत एकवीसपर्यंत ‘बालक’च आहे. लग्न करायला तो लहान, पण वीस वर्षांची सजा भोगायला मोठा. त्याच्या आणि तिच्या वयात दोन वर्षांचं अंतर आहे. चौतिशीतल्या माणसाच्या आणि पंधरा वर्षांच्या मुलीच्या वयात एकोणीस वर्षांचं. कायदा दोघांना एकाच काट्यावर तोलतो. त्या काट्याच्या पारड्यातला वयाचा आकडाही कधीकधी किती ठिसूळ असतो, ते गावाकडच्या शाळेत काम केलेल्या कुणालाही ठाऊक आहे. जन्माची नोंद नसली की गुरुजी दाखल्यावर १ जून लिहीत, आणि एका वर्गात निम्म्या मुलांचा वाढदिवस एकाच दिवशी येई. न्यायालय वय ठरवताना आधी शाळेचाच दाखला पाहतं. गुरुजींच्या अंदाजावर वीस वर्षं टांगलेली असू शकतात.

अशा जोडप्यांना वेगळं मोजण्यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळता येणार नाही. अठराची मर्यादा सैल केली तर तस्कर आणि फूस लावणारे याच फटीतून आत शिरतील. मुलीकडून ‘मी मर्जीने गेले’ असा जबाब वदवून घेणं त्यांना अवघड नाही. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये कायदा आयोगाने आपल्या २८३व्या अहवालात संमतीचं वय कमी करू नये असं सांगितलं, ते याच काळजीने. पण त्याच अहवालात सोळा ते अठरा वयाच्या, प्रत्यक्षात राजीखुशीच्या प्रकरणांत शिक्षा ठरवताना न्यायाधीशाला मार्गदर्शक निकषांसह विवेक वापरू द्यावा, असंही सुचवलं होतं. कॅनडासारख्या देशाने वेगळी वाट काढली आहे. तिथे संमतीचं वय सोळा, पण चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांसाठी जोडीदार पाच वर्षांच्या आत मोठा असेल आणि अधिकाराच्या जागी नसेल तरच सवलत. शिक्षक, मार्गदर्शक, ज्याच्यावर मूल अवलंबून आहे तो माणूस कितीही तरुण असला तरी त्याला सवलत नाही. मला हीच दिशा पटते. वयाची रेषा खाली ओढू नका. रेषेच्या आत, दोघांमधलं अंतर आणि एकाची दुसऱ्यावरची सत्ता यांना माप करा. फूस लावणारा त्या मापातून सुटत नाही. एकोणीस वर्षांचा मुलगा मात्र आयुष्यातून उठत नाही.

इथे माझ्या मांडणीची खरी परीक्षा घेणारं एक प्रकरण सांगितलंच पाहिजे. पश्चिम बंगालमध्ये २०१८ साली चौदा वर्षांची एक मुलगी पंचवीस वर्षांच्या माणसाकडे गेली. तिला मूल झालं. त्याला पॉक्सोखाली वीस वर्षांची शिक्षा झाली. उच्च न्यायालयाने त्याला सोडलं आणि वर किशोरवयीन मुलींनी आपल्या इच्छांना आवर घालावा असा उपदेश केला. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उपदेश धिक्कारला आणि दोषसिद्धी पुन्हा कायम केली. पण शिक्षेचा प्रश्न बाजूला ठेवून तज्ज्ञांना त्या मुलीकडे पाठवलं. ती आता सज्ञान होती, त्याच्याच घरी राहत होती आणि त्याला सोडवण्यासाठी कर्ज काढून वकील-पोलीस-न्यायालय यांच्या मागे धावत होती. मे २०२५ मध्ये न्यायालयाने आपले विशेष अधिकार वापरून त्याला तुरुंगात न पाठवायचं ठरवलं. घटनेपेक्षा पुढच्या कारवाईनेच तिला जास्त जखमा केल्या, समाज, कुटुंब आणि न्यायव्यवस्था तिघांनीही तिला वाऱ्यावर सोडलं, असं न्यायालयाने म्हटलं, आणि तिच्या शिक्षणाची जबाबदारी राज्यावर टाकली.

अकरा वर्षांचं अंतर. माझ्या मापात हा माणूस दोषीच आहे, आणि न्यायालयानेही त्याला दोषीच धरलं. ते योग्यच झालं. पण त्या मुलीला निवड करायची होती तेव्हा तिच्यापुढे काय होतं? परत न घेणारं माहेर, किंवा तो. तिच्यासाठी तिसरं दार कुणी उघडलंच नव्हतं. तिची निष्ठा खरी असेलही; पण एकच दार असलेल्या खोलीतून माणूस त्याच दारातून बाहेर पडतो, त्याला आपण निवड म्हणत नाही.

म्हणून शिक्षेइतकंच ते तिसरं दार महत्त्वाचं आहे. ठाण्यात आणलेल्या मुलीला आधी बाईने, वर्दीशिवाय, आईबापांच्या नजरेबाहेर बोलतं केलं पाहिजे. घरी जायचं नाही म्हणणाऱ्या मुलीला बालकल्याण समिती बालगृहात पाठवते. ते तिला शिक्षा वाटू नये, तिथून तिची बारावी चुकू नये. दिवस गेले असतील तर डॉक्टरकडे जायला ती घाबरू नये. अल्पवयीन मुलीचं नाव पोलिसांना कळवल्याशिवायही डॉक्टर तिला मदत करू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्येच सांगितलं आहे. तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत ते पोचलेलं नाही. १०९८ हा मुलांच्या मदतवाहिनीचा क्रमांक प्रत्येक शाळेच्या भिंतीवर हवा. आणि बालविवाहाची फिर्याद घ्यायला ग्रामसेवक तितक्याच तत्परतेने बाहेर पडला पाहिजे, जितक्या तत्परतेने अपहरणाची फिर्याद घ्यायला हवालदार पडतो.

आपल्याकडे या प्रश्नावरचा एक जुना, फार सूक्ष्म दाखला आहे. रुक्मिणीची कथा. भाऊ रुक्मी तिला शिशुपालाला देऊ पाहत होता. कृष्ण तिला रथात घालून घेऊन गेला. रुक्मीच्या लेखी ते हरण होतं आणि तो शस्त्र घेऊन मागे धावला. पण कथेच्या आरंभी एक पत्र आहे, रुक्मिणीने स्वतः लिहिलेलं. एकनाथांनी या कथेवर ग्रंथ लिहिला तेव्हा त्याला नाव दिलं ‘रुक्मिणीस्वयंवर’. घटना तीच, रथ तोच. पण नाथांनी आधी पत्र वाचलं आणि मग नाव ठेवलं. लग्नाच्या मुलींनी त्याचं पारायण करायची रीत महाराष्ट्राने शतकानुशतकं पाळली.

आपण पारायण करतो, पण पत्र वाचत नाही. पत्र वाचायचं म्हणजे प्रत्येक मुलीचं म्हणणं मान्य करायचं असं नाही. पंधरा वर्षांच्या मुलीच्या पत्रात तिच्या हस्ताक्षराआडून दुसऱ्याचा हात दिसला, तर त्या हाताला बेड्या पडल्याच पाहिजेत, आणि ती कितीही म्हणाली ‘त्याला सोडा’ तरी पडल्या पाहिजेत. सतरा वर्षांच्या मुलीच्या पत्रात तिचंच मन दिसलं, तर तिच्या जोडीदाराला दरोडेखोराच्या रांगेत बसवू नये. पण पत्र न वाचताच, फिर्यादीचं पहिलं वाक्य वीस वर्षांच्या निकालापर्यंत न्यायचं, हे मात्र ना मुलीचं रक्षण आहे, ना न्याय. ठाण्यातल्या त्या छापील वाक्यात ‘अज्ञात’ हा शब्द इसमाला लावलेला असतो. अनेकदा त्या कागदावर सगळ्यांत अज्ञात राहते ती मुलगीच.